पावागढचा खडक आणि वेगाचा हिशेब

बडोद्याहून पूर्वेकडे साधारण पन्नास किलोमीटरवर पावागढ उभा आहे. सपाट प्रदेशात एकट्याने वर आलेला, सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगर लोकांना माहीत आहे तो कालिकामातेमुळे आणि पायथ्याच्या चांपानेरमुळे. महमूद बेगड्याने १४८४ साली हा किल्ला घेतला, पायथ्याशी राजधानी वसवली आणि २००४ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घातला. या इतिहासाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. डोंगर ज्या दगडाचा बनला आहे, त्याबद्दल मात्र एकच वाक्य सर्रास ऐकू येते : पावागढ हा एक विझलेला ज्वालामुखी आहे. हे वाक्य अर्धेच खरे आहे. पावागढचा दगड ज्वालामुखीतून आला, यात शंका नाही. पण आज दिसणारा उंचवटा हा ज्वालामुखीचा शंकू नाही आणि त्याच्या माथ्यावर कुठले मुखही नाही. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा तो उरलेला तुकडा आहे. खालच्या भागात काळ्या बेसॉल्टचे थर आहेत, तर माथ्याकडे फिकट रंगाचा, सिलिका भरपूर असलेला ऱ्हायोलाइट आणि त्याच्या सोबतीचे काचेसारखे खडक आहेत. आजूबाजूचे थर लाखो वर्षांच्या पावसापाण्याने झिजून गेले. माथ्यावरच्या कठीण खडकाने खालच्या थरांना छत्र धरले, म्हणून एवढा भाग टिकला. म्हणजे पावागढ हा एका मोठ्या ग्रंथाचे टिकून राहिलेले पान आहे असे समजावे, आणि त्या ग्रंथाचा विषय आहे पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या ज्वालामुखी घटनांपैकी एक.

ती घटना म्हणजे दख्खन ट्रॅप. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपासच्या अक्षांशांवर असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस वर आला. धुळे-नंदुरबारच्या माळावर आज उभ्या भिंतींसारखे जे डाईक दिसतात, ते अशा भेगांत थिजलेले शिलारसाचेच पडदे आहेत. आज या लाव्हाने व्यापलेला प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग त्यात येतो, आणि सौराष्ट्र, कच्छ, माळवा व दक्षिण गुजरात यांचाही मोठा भाग येतो. झिजून गेलेला आणि समुद्राखाली असलेला भाग धरला, तर मूळ पसारा याहून बराच मोठा होता. एकूण लाव्हा दहा लाख घन किलोमीटरच्या पुढे असावी, असा अंदाज आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. एवढ्या प्रचंड उद्रेकाने आसपासच्या पर्यावरणाचे काय केले? सहज सुचणारे उत्तर असे, की इतकी लाव्हा म्हणजे तितकाच विनाश. या प्रकरणात मांडायचा मुद्दा वेगळा आहे. उद्रेकाचा परिणाम त्याच्या एकूण आकारावरून ठरत नाही. तो ठरतो बाहेर पडणाऱ्या वायूंवरून, आणि ते वायू किती वेगाने बाहेर पडतात यावरून. बडोद्याच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परिघातील खडक या मुद्द्याची साक्ष जितकी देतात, तितकी देणाऱ्या जागा जगात फार थोड्या आहेत.

दख्खनचा उद्रेक पाहायला माणूस नव्हता. म्हणून तसाच, भेगेतून वाहणारा, पण कितीतरी लहान असा एखादा उद्रेक तपासावा लागतो, ज्याच्या लेखी नोंदी आहेत. आइसलँडमधील लाकी हा तो उद्रेक. ८ जून १७८३ रोजी तेथे जमीन दुभंगली आणि पुढचे आठ महिने लाव्हा वाहत राहिली. एकूण लाव्हा होती सुमारे १५ घन किलोमीटर, आणि तिने झाकलेली जमीन सुमारे ६०० चौरस किलोमीटर. आइसलँडचे क्षेत्रफळ एक लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे लाव्हाने देशाचा शंभरावा भागही व्यापला नव्हता. तरीही त्या देशातील सुमारे एक पंचमांश माणसे, निम्मी गुरे आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास मेंढ्या पुढच्या दोन-तीन वर्षांत मेल्या. लाव्हाखाली सापडून नव्हे, तर वायूंमुळे आणि त्यामागून आलेल्या दुष्काळामुळे. लाकीने सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत सोडला. त्यासोबत आलेले फ्लोरिन गवतावर बसले. ते गवत खाणाऱ्या जनावरांची हाडे आणि दात विकृत झाले, आणि ती तडफडून मेली. युरोपभर त्या उन्हाळ्यात कोरडे, आंबूस धुके पसरले, श्वासाचे विकार वाढले आणि पुढचा हिवाळा कडाक्याचा गेला. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांनुसार या उद्रेकाने आफ्रिका आणि भारताकडचा मोसमी पाऊसही क्षीण केला. नाईल नदीला त्या सुमारास पाणी कमी होते, याची नोंद आहे. उत्तर भारतातील चालिसाचा दुष्काळही त्याच वर्षांतला. त्यामागे लाकीचा वाटा किती आणि एल निनोचा किती, यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे. पण मूळ धडा स्पष्ट आहे. लाव्हा जिथे पोहोचते तेवढीच जमीन जाळते, वायूला मात्र अशी हद्द नसते.

वायूचे काम कसे चालते, हे १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबोने आधुनिक उपकरणांच्या देखत दाखवले. १५ जूनच्या मुख्य स्फोटाने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या आणि पावसाच्या वर, फेकला. तेथे त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनले, ते थेंब सूर्यप्रकाश परतवू लागले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. दोनेक वर्षांत थेंब खाली आले आणि तापमान पूर्ववत झाले. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोराने याच मार्गाने पुढच्या वर्षी युरोप आणि ईशान्य अमेरिकेचा उन्हाळा हिरावून घेतला आणि पिके बुडवली. हाच वायू खालच्या हवेत राहिला, तर काही आठवड्यांत आम्लवर्षा होऊन जमिनीवर उतरतो आणि त्याचा फटका जवळच्या प्रदेशाला बसतो. म्हणून उद्रेक किती उंच उसळतो, हेही महत्त्वाचे. बेसॉल्टचा शिलारस पातळ असतो, त्यातून वायू सहज सुटतात आणि तो बहुतेक वाहतो. ऱ्हायोलाइटचा शिलारस घट्ट आणि चिकट असतो. त्यात अडकलेला वायू दाब वाढवत राहतो आणि अखेर स्फोट करून राख आकाशात उडवतो. पावागढला पायऱ्या चढत जाणारा भाविक या दोन्ही प्रकारांच्या खडकांवरून जातो. दख्खनचा उद्रेक म्हणजे सगळी शांतपणे पसरलेली लाव्हा, ही समजूत पावागढच्या माथ्यावर टिकत नाही.

आता वेगाचा हिशेब करू. दख्खनच्या बेसॉल्टमागे दर घन किलोमीटरला सुमारे ३५ ते ६५ लाख टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला असावा, असा अंदाज त्या खडकांतील काचेच्या सूक्ष्म कणांवरून काढला गेला आहे. दख्खनमधील एकेक मोठा लाव्हाप्रवाह हजार घन किलोमीटरचा किंवा त्याहूनही मोठा होता. काही प्रवाह तर पार आंध्रातील राजमहेंद्रीपर्यंत गेले. हजार घन किलोमीटरचा प्रवाह धरला, तर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो ३५० ते ६५० कोटी टन, म्हणजे लाकीच्या तीस ते पन्नास पट. हा आकडा ऐकून जगबुडीच डोळ्यांपुढे येते. पण तो प्रवाह दहा वर्षांत ओतला गेला, तर दरवर्षी तीन ते पाच लाकींइतका मारा होतो. तोच प्रवाह शंभर वर्षे चालला, तर वर्षाला लाकीच्या निम्म्याइतका किंवा त्याहूनही कमी. एकूण गंधक दोन्ही वेळा तेवढेच, पण पहिल्या हिशेबात जंगले आणि नद्या कोलमडतात, तर दुसऱ्यात त्यांना श्वास घ्यायला अवधी मिळतो. बडोदेकरांना हे समजावून सांगायला नको. मोसमभर थोडाथोडा पडणारा पाऊस विश्वामित्री निमूटपणे वाहून नेते आणि तोच पाऊस २०२४ च्या ऑगस्टसारखा दोन-तीन दिवसांत कोसळला, की नदी घरांत शिरते. दख्खनच्या अशा प्रवाहांचे अलीकडचे संगणकीय प्रारूप सांगते, की उद्रेक चालू असताना पृथ्वीचे तापमान साडेचार अंशांपर्यंत उतरू शकले असते, पण उद्रेक थांबल्यावर पन्नास वर्षांच्या आत ते सावरलेही असते.

यावर पहिला आक्षेप जीवाश्मांच्या बाजूने येतो. बडोद्याच्या उत्तरेला, बालासिनोरजवळ रैयोली येथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकांना डायनासोरची हाडे आणि अंडी सापडली. ते डायनासोरच्या अंड्यांच्या जगातील मोठ्या ठिकाणांपैकी एक ठरले. येथील हाडांवरून २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध झाले. अंडी असलेले हे लामेटा नावाचे थर दख्खनच्या लाव्हाच्या आधीचे आणि तिच्या सुरुवातीच्या काळाला लागून असलेले. पण कच्छमध्ये अंजार येथे दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात डायनासोरचे अवशेष मिळाले, म्हणजे उद्रेक सुरू झाल्यानंतरही ते तेथे जगत होते. नागपूरच्या आसपास अशा मधल्या गाळांत गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष एकोणिसाव्या शतकापासून सापडत आले आहेत. मुंबईत वरळीला तर बेडकांचे पूर्ण सांगाडे मिळाले. मग आक्षेप असा, की लाव्हाच्या दोन थरांमध्ये बेडूक सुखाने नांदत होते, तर उद्रेकाने पर्यावरणाचे वाटोळे केले असे कसे म्हणायचे? या पुराव्याला डावलण्याचे कारण नाही. उलट त्यातच मुद्द्याचे बळ आहे. गाळ साचायला तळी लागतात, तळ्यात जीव यायला वर्षे लागतात. सह्याद्रीच्या कड्यांत दोन काळ्या थरांच्या मधोमध विटकरी रंगाचा जो पट्टा दिसतो, तो म्हणजे लाव्हाचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजून बनलेली माती. ती बनायला शेकडो ते हजारो वर्षांची विश्रांती हवी. दख्खनचा उद्रेक म्हणजे अखंड आगीचा लोट नव्हता. तो थांबत, पुन्हा उसळत, पुन्हा थांबत चाललेला क्रम होता. विश्रांतीच्या काळात जीवसृष्टी परत येत होती. बेडकाचा जीवाश्म उद्रेक निरुपद्रवी असल्याचे सांगत नाही, विश्रांती पुरेशी लांब असल्याचे सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच सुमारास डायनासोरसह सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या, त्याचे कारण मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर आदळलेला लघुग्रह होता. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह इरिडियमच्या पातळ थरावरून ही कल्पना मांडली आणि १९९१ साली चिक्शुलूबचे सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर तिच्याशी जुळले. मग दख्खनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे तरी कशाला? गेर्टा केलर यांच्यासारखे संशोधक अजूनही ज्वालामुखीलाच मुख्य दोषी मानतात. पण बहुतेक पुरावा आता लघुग्रहाच्या बाजूचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी सह्याद्रीतील थरांचे वय अत्यंत बारकाईने मोजले. दोघांच्याही मते बहुतांश लाव्हा सात ते दहा लाख वर्षांत ओतली गेली. पण एका गटाला विलोपाच्या आधी एक मोठा झोत दिसतो, तर दुसऱ्याला तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरची वाटते. समुद्रतळाच्या गाळावरून असे दिसते, की आघाताच्या दोन-तीन लाख वर्षे आधी पृथ्वी दोनेक अंशांनी तापली होती आणि आघाताच्या वेळेपर्यंत ते तापमान पुन्हा उतरलेही होते. काहींनी यातून दख्खनची निर्दोष मुक्तता केली. पण या पुराव्याचा नीट अर्थ लावला, तर तो वेगाचाच नियम सांगतो. दख्खनच्या कार्बन डायऑक्साइडने हवा तापवली खरी, पण तो हळूहळू आला, म्हणून समुद्राने आणि झिजणाऱ्या खडकांनी तो पचवला. लघुग्रहाने गंधक, धूळ आणि काजळी काही तासांत व दिवसांत हवेत फेकली, म्हणून सृष्टीला पचवायला वेळच मिळाला नाही. दोन्ही घटना एकाच काळातल्या, एकाच पृथ्वीवरच्या. एकीचा पसारा लाखो वर्षांचा, दुसरीचा एका दुपारचा, आणि संहार झाला तो दुपारच्या घटनेने.

जगभरचे इतर मोठे लाव्हाप्रदेश ताडून पाहिले, तरी आकार आणि विनाश यांचे सरळ नाते दिसत नाही. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात असाच उद्रेक झाला आणि समुद्रातील बहुसंख्य प्रजाती नष्ट झाल्या. तो पृथ्वीवरचा सर्वांत मोठा विलोप. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या काठांवर विभागलेला पराना-एतेंदेका हा लाव्हाप्रदेशही दहा लाख घन किलोमीटरच्या घरातला, सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याशी मात्र कुठलाही महाविलोप जोडता येत नाही. सायबेरियाचे वेगळेपण शिलारसाच्या वाटेत होते. तेथे तो कोळसा, मीठ आणि चुनखडीच्या जाड थरांत घुसला आणि त्यांना भाजून त्यातील कार्बन, क्लोरीन व गंधक थोड्या काळात मोकळे केले. लाव्हाच्या घन किलोमीटरमागे बाहेर पडणारा वायू आणि त्याचा वेग, या दोन गोष्टींनी तेथे निकाल लावला.

वायूचा वेग पाहण्यासाठी बडोद्याच्या पूर्वेला आणखी एक जागा आहे. पूर्वी बडोदे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१३ साली वेगळ्या झालेल्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर हा डोंगर आहे. दख्खनच्या उद्रेकाच्या शेवटच्या काळात येथे एक विरळा शिलारस वर आला. त्यात सिलिकाऐवजी कार्बोनेट होते. १९६० च्या दशकात आर. एन. सुखेस्वाला आणि जी. आर. उदास यांनी या कार्बोनेटाइट खडकांकडे जगाचे लक्ष वेधले. त्या शिलारसामागून आलेल्या उष्ण द्रवांनी फ्लोराइटचे साठे मागे ठेवले, ते कडीपाणीच्या परिसरात खाणीतून काढले गेले आहेत. म्हणजे ज्या फ्लोरिनने आइसलँडची जनावरे काही महिन्यांत मारली, तेच मूलद्रव्य येथे खडकात बांधले जाऊन साडेसहा कोटी वर्षे पडून राहिले. ते पूर्ण निरुपद्रवी झाले, असे नाही. या पट्ट्यातील काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते, आणि लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे ते गेले की दात बिघडू लागतात आणि आणखी वाढले की हाडेही. यावरून कोणी म्हणेल, की मंद गतीही अपाय करतेच. खरे आहे. पण मंद अपायाला उपाय असतो. पाणी तपासता येते, विहीर बदलता येते, गाळणी बसवता येते. लाकीच्या काळात गवतावर राख पडली, तेव्हा शेतकऱ्याला दुसरे कुरण शोधायलाही अवधी नव्हता.

तिसरा आक्षेप आपल्या शेतातून येतो. ज्वालामुखीने आपल्याला काळी जमीन दिली, मग त्याला विनाशक का म्हणायचे? भडोच आणि बडोद्याच्या मधला कानम प्रदेश कापसासाठी पिढ्यानपिढ्या नावाजलेला आहे. त्याची काळी माती ट्रॅपच्या खडकांच्या झिजेतून आणि नद्यांनी आणून टाकलेल्या गाळातून बनली. विदर्भ-मराठवाड्याची रेगूर तर थेट बेसॉल्टवरच घडली. या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, सुकली की तिला खोल भेगा पडतात, म्हणून कोरडवाहू कापूस तीत तग धरतो. हे दान खरेच मोठे आहे, पण त्याचा कालावधीही पाहावा. लाव्हा थंड झाल्यावर ही माती रातोरात तयार झाली नाही. खडकातील खनिजे पाण्याने विरघळून त्यांची चिकणमाती व्हायला अतिदीर्घ काळ लागला. त्याच झिजेने आणखी एक मोठे काम केले. पावसातील कार्बोनिक आम्ल बेसॉल्टमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी जोडले जाते, नदीवाटे समुद्रात जाते आणि अखेर चुनखडी होऊन बसते. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या उष्ण दमट पट्ट्यात आला, तेव्हा दख्खनच्या ताज्या बेसॉल्टने अशा रीतीने हवेतील पुष्कळ कार्बन डायऑक्साइड शोषला असावा, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. म्हणजे उद्रेकाने हवेत टाकलेला कार्बन त्याच उद्रेकाच्या दगडाने परत घेतला. फक्त टाकायला एक वेग आणि परत घ्यायला दुसरा, लाखो-कोट्यवधी वर्षांचा. नुकसान वर्षांत मोजायचे आणि लाभ युगांत, हा फरक विसरून जमाखर्च मांडला, तर तो चुकतो.

येथपर्यंतची चर्चा प्राचीन काळाची वाटेल, पण तिचा धागा बडोद्याच्या वर्तमानाशी थेट येऊन मिळतो. दख्खनचे उद्रेक ओसरल्यावर खंभातचे खोरे खचत गेले. आज तेथे बेसॉल्ट कित्येक ठिकाणी एक-दोन किलोमीटरहून जास्त खोल आहे आणि त्यावर समुद्राने व नद्यांनी गाळाचे जाड थर रचले. त्या गाळात गाडल्या गेलेल्या जिवांपासून तेल आणि वायू बनले. १९६० साली अंकलेश्वरला तेल सापडले आणि १९६५ साली बडोद्याजवळ कोयाली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. बडोद्याची औद्योगिक भरभराट पुष्कळ अंशी त्या तेलावर उभी आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण येथे एक समजूत तपासावी लागते. ज्वालामुखी माणसापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात, असे अनेकजण मनापासून मानतात. प्रत्यक्षात आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्ध्या अब्ज टनाच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सोडतो. आता दख्खनशी तुलना करू. त्याच्या बेसॉल्टमागे दर घन किलोमीटरला सुमारे १.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड, असा एक प्रचलित अंदाज आहे. हजार घन किलोमीटरच्या एका अजस्र प्रवाहाचे होतात १४ अब्ज टन. आज माणूस तेवढा कार्बन डायऑक्साइड पाच महिन्यांच्या आत सोडतो. सगळ्या दहा लाख घन किलोमीटरचा हिशेब केला आणि तो सात लाख वर्षांत वाटला, तर वर्षाला सरासरी दोन कोटी टन पडतात. माणसाचा आजचा वेग त्याच्या अठराशे पट आहे. कोणी म्हणेल, पृष्ठभागावर न आलेल्या शिलारसातूनही वायू सुटला असणार, म्हणून हा अंदाज कमी आहे. तसे असू शकते. तो दहा पट वाढवून पाहावा. तरीही माणसाचा वेग दख्खनच्या सरासरीच्या एकशे ऐंशी पट उरतो. उद्रेकाच्या ऐन भरातला वेग सरासरीहून मोठा असणार, हेही धरले, तरी या तुलनेची दिशा बदलत नाही.

शेवटचा आक्षेप बहुधा असा येईल : पृथ्वी दख्खनमधून सावरली, लघुग्रहातूनही सावरली, मग आताच एवढी चिंता का? पृथ्वी सावरली, हे खरे आहे. पण सावरणे म्हणजे पूर्वीचेच परत येणे नव्हे. रैयोलीला अंडी घालणारे प्राणी परत आले नाहीत. विलोपानंतर सस्तन प्राण्यांनी त्यांची जागा भरायला लाखो वर्षे घेतली. शेती, शहरे, बंदरे आणि मोसमी पावसाच्या वेळापत्रकावर बेतलेले आपले जीवन लाखो वर्षांची प्रतीक्षा करू शकत नाही. पावागढपासून अंबाडुंगरपर्यंतचे खडक जो नियम शिकवतात, तो आशेचाही आहे. घातकता वेगावर ठरत असेल, तर वेग कमी करण्याला अर्थ आहे, आणि कार्बनचा वेग कमी करणे हे माणसाच्या हातात आहे. भेगेतून वर येणाऱ्या शिलारसाला कोणी थांबवू शकत नाही. तेल जाळण्याचा वेग मात्र कारखान्यांच्या, वाहनांच्या आणि विजेच्या निर्णयांनी दरवर्षी ठरतो. म्हणून पर्यावरणाचा कुठलाही आकडा समोर आला, की तो किती मोठा आहे हे विचारून थांबू नये. किती काळात, हा प्रश्न त्यासोबत विचारावा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे अध्यापन चालते, पावागढ आणि रैयोली दोन्ही एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहेत. चांपानेरच्या मशिदींची आणि किल्ल्याची माहिती सांगणाऱ्या फलकांशेजारी त्या डोंगराच्या थरांची माहिती देणारा फलकही असायला हवा, आणि शाळांच्या सहलींत राजासॉरसच्या हाडांसोबत दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीचा अर्थही मुलांना समजावून सांगायला हवा. पुढच्या पन्नास वर्षांत कार्बनच्या वेगाचे निर्णय घ्यायचे आहेत ते याच मुलांना, आणि त्या निर्णयांसाठी लागणारा पुरावा त्यांच्या गावाच्या अंगणातच उघडा पडलेला आहे.